आईच्या हातावरचा पाळणा

मी भांडकुदळ बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मी जन्मभर नोकरी केली. तिथे मऊ बोलून एक कागद टेबलावरून हलत नसे. निवृत्त झाल्यावर हा स्वभाव कुठे न्यायचा, तर तो आमच्या मंडळीच्या वाट्याला आला. मंडळी म्हणजे आमचं चर्च. चर्च म्हटलं की लोकांना मनोरा, घंटा आणि रंगीत काचा दिसतात. आमचं चर्च वागळे इस्टेटमध्ये एका भाड्याच्या गाळ्यात भरतं. शेजारी पत्रा कापायचं वर्कशॉप आहे. रविवारी त्याचं शटर खाली असतं, पण तेलाचा वास काही सुटी घेत नाही. त्या वासातच आम्ही गीतं म्हणतो आणि प्रभुभोजन घेतो. म्हणजे भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट.

आम्ही बहुतेक सगळे मूळचे नगरकडचे. आमचे बाप इथल्या कारखान्यांत लागले आणि बायकापोरं मागून आली. वडील गेल्यापासून कळव्याच्या घरात मी आणि आई अशा दोघीच राहतो. मी लग्न केलं नाही. का नाही केलं हे विचारणारे एकेक करून थकले, काही देवाघरी गेले. आईचं वय झालं तरी रविवार चुकत नाही. तिची जागा तिसऱ्या रांगेत, तिच्याच वयाच्या चार-पाच म्हाताऱ्यांबरोबर. सगळ्यांच्या डोक्यावर पदर, हातात रुमाल आणि रुमालात खडीसाखर.

आमचे जुने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, थकल्यावर गावी गेले. हरवलेलं मेंढरू आणि उधळ्या मुलगा या बायबलातल्या गोष्टींपलीकडे ते फारसे जात नसत, आणि आम्हीही त्यांना जा म्हटलं नाही. त्यांच्या जागी डोंबिवलीचे एक तरुण पाळक आले. आधी कुठल्यातरी कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे, मग नोकरी सोडून देवाच्या कामाला लागले. गोड गळा, गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट. आल्या आल्या त्यांनी गाळ्यात पडदा आणि प्रोजेक्टर लावला. कल्याणची काही तरुण पोरं दारूपायी घरातून हाकलली गेली होती, त्यांना त्यांनी ओढून आणलं, जेवू घातलं, कामाला लावलं. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फारसं बरं बोलणार नाही.

तर या पाळकसाहेबांनी एक मालिका सुरू केली. पडद्यावर मोठ्या अक्षरात प्रश्न आला: नियमशास्त्र आज आपल्याला लागू आहे का? बायबलाच्या जुन्या करारात, याजकांसाठी आणि इस्राएल लोकांसाठी लिहिलेलं नियमांचं एक आख्खं पुस्तक आहे. काय खावं, काय नेसावं, कशाने विटाळ होतो, कशाने फिटतो. जुने पाळक ते पुस्तक सापावरून उडी मारावी तसे ओलांडून जायचे. नव्यांनी ते उघडून समोर ठेवलं आणि प्रश्नाचं उत्तर दिलं: हो, लागू आहे. देव बदलत नाही, मग त्याचा नियम कसा बदलेल?

पहिल्या रविवारी कोलंबी गेली. पाण्यातलं ज्याला पंख आणि खवले नाहीत ते खायचं नाही, म्हणून कोलंबी, खेकडे, सगळं बाद. नगरकडच्या आम्हा माणसांना मासे कळायला ठाण्यात दोन पिढ्या गेल्या, आणि आता कुठे कळायला लागले तर हे. पुढच्या रविवारी शेत आलं. एका शेतात दोन जातींचं बी पेरू नये. आई परतताना रिक्षात म्हणाली, "बाजरीत तूर न्हाई टाकायची? मग माझ्या बापानं काय पेरायचं हुतं, खडं?" मी इतकी हसले की रिक्षावाल्याने आरसा फिरवून बघितलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे कोलंबीचं कालवण होतं आणि आईने दोनदा वाढून घेतलं. तोवर सगळी गंमतच होती.

तिसऱ्या रविवारी गंमत संपली.

त्या कल्याणच्या पोरांपैकी दोघांनी उत्साहाच्या भरात मनगटावर क्रूस गोंदवून घेतला होता. पाळकसाहेबांना ते खटकलं. पडद्यावर टॅटूंनी रंगलेले दंड दाखवून ते म्हणाले, आपलं शरीर हे देवाचं मंदिर आहे, मंदिराच्या भिंतीवर कुणी असं खरडतं का? मग त्यांनी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून वाचलं. मेलेल्या माणसासाठी अंगावर वार करून घेऊ नये, अंग गोंदवून घेऊ नये, असा त्याचा अर्थ. "ज्यांच्या अंगावर अशी खूण आहे," ते म्हणाले, "त्यांनी पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभूच्या मेजाजवळ, प्रभुभोजनाला, येऊ नये. आणि आता काही प्रॉब्लेम नाही, लेझरने सगळं निघतं."

बाण त्या पोरांवर सोडला होता. तो लागला तिसऱ्या रांगेत. मी आईच्या मागेच बसते, त्यामुळे मला नीट दिसलं. एका म्हातारीने हनुवटी पदरात झाकली. दुसरीने बांगड्या मनगटावरून वर सारल्या, जणू त्यांनी काही झाकलं जाणार होतं. आईने डावा हात लुगड्याच्या ओच्यात घातला आणि तो उपासना संपेपर्यंत बाहेर काढला नाही. प्रभुभोजनाचं ताट तिच्यापुढे आलं तेव्हा तिने उजव्या हाताने ते शेजारणीकडे सरकवलं. मला आठवतंय तेव्हापासून तिने एकदाही ताट सरकवलेलं नव्हतं. वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा नाही.

आमच्याकडच्या जुन्या बायकांना गोंदण असतंच. कपाळावर टिकली, हनुवटीवर तीन ठिपके. ती ख्रिस्ती आहे की आणखी कुणी, हे गोंदणारीने कधी विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी ती पाराखाली बसायची, सुयांचा जुडगा, काजळ आणि कसल्यातरी पाल्याचा रस घेऊन, आणि गावच्या सगळ्या पोरी रडत-ओरडत तिच्यापुढे हात करायच्या. आईच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण तसलं, लहानपणीचं. पण डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक पाळणा आहे. दोन खांब, वर आडवी काठी, खाली झोळी आणि झोळीत एक ठिपका. तो तिने लग्नानंतर काढून घेतला. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. रांगायला लागली आणि तापाने गेली. तिचा फोटो नाही, कपडा नाही, गावच्या कबरस्तानात दगड होता तोही आता सापडत नाही. ठिपका आहे. मी लहानपणी आईच्या कुशीत झोपताना त्या ठिपक्यावर बोट ठेवून त्याला ताई म्हणायचे, आणि आई म्हणायची, हळू, उठंल ती.

आमच्याकडच्या बायका म्हणतात, मेल्यावर अंगावरचं सोनंनाणं सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. शास्त्रात असं काही लिहिलेलं नाही, हे आईलाही ठाऊक आहे. पण तिच्या मनात ते शास्त्राइतकंच पक्कं आहे. ती एकदा मला म्हणाली होती, "तिनं मला पाहिलं तवा मी तरणी हुते. आता ह्या म्हातारीला ती कशी वळखायची? हात दावला की वळखंल." हे ती रडत सांगत नव्हती. गावाला जाताना कोणत्या स्टँडवर उतरायचं ते सांगावं, तसं सांगत होती.

आता तिच्यापुढे काय येऊन ठेपलं ते बघा. पाळणा ठेवला तर देवाच्या मेजाजवळ जाता येत नाही. पाळणा काढला तर पोर ओळखणार नाही. आणि हे दोन्ही ज्या एका दारापाशी होणार, त्या मरणाच्या दारापाशी तिला लवकरच जायचं होतं. तिच्या वयाच्या बाईला हा काही चर्चेचा विषय नव्हता.

आईने ट्रंकेतून लांब बाह्यांची पोलकी काढली आणि भर उन्हाळ्यात ती घालायला लागली. रविवारी मंडळीत यायची, गीतं म्हणायची, ताट आलं की सरकवायची. एकदा तिने विचारलं, "लेझर म्हंजी काय गं?" मी म्हटलं, "ते कॉलेजच्या पोरींचं काम आहे. तू त्यांचं काय मनावर घेतेस?" तिने मान हलवली. मला वाटलं विषय मिटला.

एका दुपारी मी पेन्शनच्या कामासाठी ठाण्याला गेले होते. परत आले तर घरात करपट वास. आई मोरीपाशी बसली होती, डावा हात पाण्याच्या बादलीत. ओट्यावर पेटती मेणबत्ती, दाभण आणि काळे पडलेले दोन बिब्बे. गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बिब्ब्याला दाभणाने टोचून ज्योतीवर धरलं की त्यातून काळं तेल गळतं, आणि ते कातडीवर पडलं की कातडी भाजून निघते. पायात काटा रुतून बसला की पूर्वी त्यावर बिब्ब्याचा चटका देत. आईला वाटलं, काट्याला चालतं ते गोंदणालाही चालेल. काष्ठौषधीच्या दुकानदाराला तिने नातवाची दृष्ट काढायची आहे म्हणून सांगितलं. तिला नातू नाही.

रात्रीपर्यंत बिब्बा उतला. हात खांद्यापर्यंत सुजला, फोड आले, मान आणि गालसुद्धा लाल झाले. कळव्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, हे कशासाठी केलंत?" आई म्हणाली, "डाग काढायचा हुता." डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला राग आला होता, पण तो ज्यांच्यावर काढायचा ते तिथे नव्हते.

म्हणून मी डोंबिवलीला गेले.

पाळकसाहेबांचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या, भिंतीभर पुस्तकं. त्यांच्या बायकोने चहा ठेवला. मी बसायच्या आतच सांगितलं, "साहेब, तुमचं प्रवचन ऐकून माझ्या आईने हात जाळून घेतलाय." त्यांचा चेहरा खरोखर उतरला. ते नाटक नव्हतं, तेवढं मला कळतं. पाळण्याची सगळी हकिकत त्यांनी मान खाली घालून ऐकली.

"ताई, मी आजींबद्दल बोलतच नव्हतो," ते म्हणाले. "मी त्या मुलांना म्हणत होतो. टॅटूचं जे फॅड आलंय ना, त्याबद्दल."

"मग येत्या रविवारी तसं सांगा. पुढे उभे राहून सांगा, की तिसऱ्या रांगेला हा नियम नाही. एवढंच मागायला आलेय."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "ते कसं जमेल? नियम म्हणजे नियम. आज आजींना सूट दिली की उद्या ती पोरं म्हणणार, आम्हालाही द्या."

मी पिशवीतून आईचं शास्त्र काढलं आणि तेच पान उघडलं. म्हटलं, "नियम म्हणजे नियम ना? मग हे पान आपण वरून खालपर्यंत वाचू. तुमच्या शर्टाचं कापड कोणतं?"

"अं? टेरिकॉट असेल."

"म्हणजे अर्धं सूत, अर्धं पॉलिएस्टर. गोंदणाच्या थोडं वर बघा, दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगात घालू नये. आता गोंदणाला अगदी चिकटून वरची ओळ. दाढीचे कोपरे कापू नयेत. तुमचे तर कोपरेही नाहीत आणि दाढीही नाही. आणि आता खाली या. पिकल्या केसांपुढे उठून उभं राहावं. तुम्ही गाळ्यात आलात की माझी आई गुडघे धरून उठते, साहेब. तुम्ही तिच्यासाठी कधी उठलात?"

त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. तिला हसू येत होतं असं मला वाटलं, पण मी शपथेवर सांगणार नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "ताई, ॲक्च्युअली त्यात दोन प्रकार आहेत. काही नियम त्या काळच्या विधींचे, आणि काही नीतीचे. विधींचे संपले. नीतीचे चालू आहेत."

"ही वाटणी कुठल्या पानावर लिहिलीय? आणि टेरिकॉट विधीत आणि गोंदण नीतीत, हे कुणी ठरवलं? ज्याच्या अंगावर टेरिकॉट आहे त्याने. आणि सगळंच चालू ठेवायचं असेल तर सुंतेचं काय करायचं, तेही एका रविवारी पडद्यावर दाखवा."

त्यांचे कान लाल झाले. पण ते चिडले नाहीत. उलट त्यांनीच मला प्रश्न विचारला. "मग सगळंच सोडून द्यायचं का, ताई? चोरी करू नको, तेही त्याच पानावर आहे. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नको, तेही आहे. ती कल्याणची पोरं रोज रात्री मला फोन करतात, हात थरथरत असतो त्यांचा. त्यांना मी काय सांगू, जे पटेल ते पाळा? त्यांना कुंपण लागतं. एक तार सैल केली की सगळं कुंपण जातं."

मग तेच म्हणाले, "गोंदण काढायची गरज नाही. आजींनी फक्त एकदा पुढे उभं राहून चूक कबूल करावी. मी प्रार्थना करेन आणि लगेच प्रभुभोजन देईन. एका मिनिटाचं काम आहे."

मी चहा तसाच ठेवून उठले. माझ्यासारखी बाई चहा ठेवून उठते म्हणजे काय, ते कचेरीतल्या लोकांना विचारा.

परतताना मात्र त्यांचा प्रश्न माझ्याबरोबर आला. सगळंच सोडायचं का? मला सोडायचं नव्हतं. त्या पानावर लिहिलंय की बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवू नको, शेताच्या कडेचं पीक कापू नको, ते गरिबासाठी राहू दे. यातलं काहीही जुनं झालेलं नाही. उलट अजून सुरूच झालेलं नाही. पण हे नियम कुणाच्या तरी पुढे भिंतीसारखे उभे राहतात, त्याला वारा लागू नये म्हणून. आणि तिसऱ्या रांगेत जो नियम आला, त्याने म्हातारीचा हात जाळला. शब्द एकाच पानावरचे असले म्हणून दोन्ही एकाच मोलाचे होत नाहीत. प्रभूने स्वतः शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, मोडून लोकांना बरं केलं, महारोग्याला हात लावला. त्यालाही त्या काळच्या पाळकांनी हेच विचारलं असणार, की एक तार सैल केली तर कुंपणाचं काय? त्याने कुंपणाकडे बघितलं नाही, माणसाकडे बघितलं. त्याच्या नंतरच्या पहिल्या मंडळीतही हेच भांडण झालं होतं, यहुदी नसलेल्या परक्या लोकांनी हे सगळे नियम पाळायचे का. आणि तिथल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं की जे जोखड आपल्याला आणि आपल्या बापजाद्यांना झेपलं नाही, ते यांच्या मानेवर ठेवू नका. मग ते गोदामातून काढून, झटकून, पुन्हा आमच्या मानेवर कशासाठी?

आणि आमच्या मानेला जोखडाची ओळख करून द्यायची गरजच नाही. आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेर राहत होते. कशाने विटाळ होतो, कुणाच्या सावलीने होतो, कुठल्या विहिरीवर जायचं नाही, कुठल्या देवळाच्या पायरीवर चढायचं नाही, या याद्या त्यांना पाठ होत्या, कारण प्रत्येक यादीत ते स्वतः होते. ते या मेजापाशी आले ते इथे कुणी हात बघत नाही म्हणून. एकाच ताटातली भाकर, एकाच प्याल्यातला रस. माझी पणजी त्या पहिल्या घोटाला रडली होती असं घरात सांगतात. आणि आता तिच्याच नातीला त्याच मेजापासून लांब उभं राहा म्हणायचं, तेही हातावरच्या खुणेसाठी? शास्त्राच्या आडून आलं म्हणून मी ते ओळखणार नाही का? आमच्यातली माणसं दुसरं काही विसरतील, हे विसरणार नाहीत.

हे सगळं मी घरी आल्यावर आईला मोठ्याने ऐकवलं. हातवारे करून ऐकवलं. ती हाताला खोबरेल लावत होती. फोड बसले होते, खपल्या धरल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, "त्ये काय म्हनले? उभं ऱ्हावून कबूल करायचं?"

"म्हणू देत. आपण दुसऱ्या मंडळीत जाऊ. ठाण्यात काय कमी चर्चं आहेत?"

"उभी ऱ्हाते मी. सांग त्यास्नी."

"अगं, काय पाप केलंयस तू?"

"ते मी बघीन."

मी तिला बोलू नये ते बोलले. म्हटलं, जन्मभर मान खाली घातलीस, आता मरतानाही घाल. ती बाटलीचं झाकण लावत राहिली. आठवडाभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. मला तिचा राग आला होता, आणि त्याच्याखाली भीती होती. ती तिथे उभी राहून पाळण्याला पाप म्हणाली असती, तर माझी बहीण दुसऱ्यांदा गेली असती. आणि या वेळी तिला तिच्या आईने घालवलं असतं.

रविवारी आईने लांब बाह्यांचं पोलकं घातलं नाही. साधं, नेहमीचं घातलं. मी बघितलं आणि रिक्षा आणायला गेले.

तिचा निरोप मी फोनवर पोचवला होता, तेवढंच. उपासनेत पाळकसाहेबांनी तिला हाक मारली, "आजी, या पुढे." आवाजात खरी माया होती. तीच मला सोसवेना. आई खुर्च्यांचा आधार घेत पुढे गेली. त्यांनी माईक दिला, तो तिने तोंडापाशी न धरता पोटापाशी धरला. पण गाळा लहान आहे, ऐकू सगळ्यांना आलं.

"माझ्या हातनं पाप झालंय," ती म्हणाली. "देवाच्या म्होरं कबूल करते."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थनेसाठी हात वर केला.

"थांबा की. झालं न्हाई अजून." त्यांनी डोळे उघडले. आईने डावा हात पुढे केला. कातडी गुलाबी, चकाकती झाली होती. पाळण्याचा एक खांब उरला होता आणि आडव्या काठीचा तुकडा. झोळी गेली होती आणि तिच्यातला ठिपकाही.

"माझी लेक गेली. लई बारकी हुती. तिला म्या हातावर घेतलं, त्ये पाप न्हाई. कुनी बी सांगितलं तरी न्हाई. पाप म्या आता केलं. मला भ्याव वाटलं, आन म्या माझ्या लेकराला बिब्बा लावला. पाळन्यात निजलेल्या पोराला कुनी बिब्बा लावतं का? त्येची माफी मागते."

तिसऱ्या रांगेतल्या एकीने तोंडात पदर घातला होता. पाळकसाहेबांचा हात अजून अर्धा वर होता, तो त्यांना खाली घेता येईना आणि वरही नेता येईना. आईने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती पत्र्याच्या छताकडे बघून बोलत होती, आणि आता तिचा आवाज बदलला होता. घरातल्या माणसाला एखादं काम सांगावं तसा.

"आन देवा, आता माझा हात तिला वळखू यायचा न्हाई. तेवढं तू बघ. मी आले की तूच तिला सांग, ही तुझी आई म्हनून."

तिने माईक पाळकसाहेबांच्या हातात दिला. मग कुणी बोलवायची वाट न बघता मेजापाशी गेली आणि तो जळका हात भाकरीसाठी पुढे केला.